मधल्या कप्प्यातील निरपराध ग्रंथी

दोन फुप्फुसांच्या मध्ये, पुढून उरोस्थी आणि मागून पाठीचा कणा यांनी बंद झालेली, वर मानेकडे उघडणारी आणि खाली श्वासपटलावर टेकलेली जी जागा आहे, तिला शरीररचनाशास्त्रात मीडियास्टिनम म्हणतात. छातीचा हा मधला कप्पा. हृदय, त्यातून निघणारी महारोहिणी, हृदयात उतरणाऱ्या मोठ्या नीला, श्वासनलिका, अन्ननलिका, श्वासपटलाला हालवणाऱ्या नसा आणि लसीकेची मुख्य वाहिनी, असे जगण्याला लागणारे जवळजवळ सगळे रस्ते या अरुंद जागेतून जातात. उरोस्थीच्या वरच्या भागावर बोट फिरवले तर एक आडवा उंचवटा लागतो. तेथून मागे चौथ्या आणि पाचव्या वक्षीय मणक्यांच्या मधल्या चकतीपर्यंत एक काल्पनिक पातळी कल्पून विद्यार्थी या कप्प्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग करतात. त्या वरच्या भागात, उरोस्थीला आतून चिकटून, मोठ्या नीलांच्या आणि श्वासनलिकेच्या पुढे एक मऊ, फिकट गुलाबी, दोन पाळ्यांची ग्रंथी असते. ती थायमस. मराठी विश्वकोशाने तिला यौवनलोपी ग्रंथी म्हटले आहे, कारण ती लहानपणी भरदार असते आणि वयात आल्यावर हळूहळू चरबीत विरते. जन्माच्या वेळी तिचे वजन साधारण दहा ते पंधरा ग्रॅम असते.

या दहा-पंधरा ग्रॅमच्या ग्रंथीवर वैद्यकाने शंभर वर्षांहून अधिक काळ बालहत्येचा आरोप ठेवला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारो बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून तिला शिक्षाही दिली. ग्रंथी निर्दोष होती. हा प्रकार वैद्यकाच्या इतिहासात अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. माझे म्हणणे वेगळे आहे. त्या काळातल्या डॉक्टरांकडे मोजमाप होते, सूक्ष्मदर्शक होता, क्ष-किरण होते, आणि विरुद्ध बाजूचा भक्कम पुरावाही छापून आलेला होता. चूक झाली ती मोजमापाच्या मुळाशी. निरोगी बाळाची थायमस केवढी असते, याचे माप ज्या देहांवरून घेतले गेले ते देह निरोगी बाळांचे नव्हते.

थायमसवरचा संशय जुना आहे. दुसऱ्या शतकात गेलनने ही ग्रंथी लहान वयात मोठी असते आणि नंतर आक्रसते हे नोंदवले होते आणि ती मोठ्या नीलेला आधार देते असे मानले होते, म्हणजे त्याच्या लेखी ती उपकारकच होती. १६१४ मध्ये बाझेलचा वैद्य फेलिक्स प्लाटर याने अचानक गुदमरून मेलेल्या एका बाळाच्या मृत्यूचा संबंध थायमसच्या वाढीशी जोडला. हा विचार दोन शतके अधूनमधून डोके वर काढत राहिला. १८३० मध्ये योहान हाइनरिश कोप या जर्मन डॉक्टराने त्याला आजाराचे रूप दिले आणि ‘थायमसचा दमा’ असे नावही दिले. बाळ श्वास घेताना आवाज करते, निळे पडते, कधी पाळण्यातच जाते. शव उघडले की उरोस्थीच्या मागे मोठी थायमस दिसते. म्हणजे तिनेच श्वासनलिका दाबली. कप्प्याची रचना पाहता हे पटण्याजोगे होते. पुढे हाड, मागे कणा, आणि मध्ये बाळाची बोटाएवढीही जाड नसलेली, मऊ कूर्चेची श्वासनलिका. अशा जागेत काही वाढले तर दाब श्वासावरच येणार. पुढे ग्रावित्झ या जर्मन डॉक्टराने १८८८ मध्ये याच अरुंदपणावर बोट ठेवून दाबाने मृत्यू येतो हा मुद्दा मांडला.

पण ‘मोठी’ म्हणजे कशापेक्षा मोठी? येथे शवविच्छेदनाच्या टेबलावर कोण येत होते हे पाहावे लागते. ब्रिटनमध्ये १८२८ साली एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी शरीररचनेच्या शिक्षकाला देह विकण्यासाठी माणसे मारल्याचे उघडकीस आले, आणि १८३२ मध्ये संसदेने शरीररचना कायदा केला. त्यामुळे प्रेतचोरी थांबली. पण पुरवठा आला तो वर्कहाऊस आणि धर्मादाय रुग्णालयांतून, ज्यांच्या देहावर कोणी हक्क सांगितला नाही अशा गरिबांचा. युरोप-अमेरिकेत इतरत्रही थोड्याफार फरकाने हेच घडले. आपल्याकडे मुंबई प्रांताने १९४९ मध्ये जो शरीररचना कायदा केला, जो आज महाराष्ट्राचा कायदा आहे, तोही बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांकडे सोपवण्याच्याच तत्त्वावर उभा राहिला. बालकांच्या बाबतीत रुग्णालयातले शवविच्छेदन महत्त्वाचे होते, आणि तेथे येणारी मुले क्षय, अतिसार, घटसर्प, गोवर अशा रोगांनी आठवडे किंवा महिने झिजून मेलेली असत. त्यांच्या छातीत थायमस लहान, कधी नुसता पापुद्रा असायची. हीच ‘नेहमीची’ थायमस म्हणून पुस्तकात गेली. मग एखादे गुटगुटीत बाळ रात्री निजले आणि सकाळी उठले नाही, की त्याच्या शवात आढळणारी थायमस या मापाच्या कितीतरी पट भरायची. दुष्काळातल्या चारा छावणीतल्या जनावरांची वजने घेऊन बैलाचे प्रमाण ठरवावे आणि पोळ्याला सजून आलेल्या धष्टपुष्ट बैलाला रोगी म्हणावे, असा तो हिशेब होता.

कोणी म्हणेल, हे शहाणपण आज मागे वळून पाहताना सुचते. त्या काळच्या डॉक्टरांना हे कळणार कसे? हा आक्षेप नोंदींपुढे टिकत नाही. लंडनचा जॉन सायमन, जो पुढे इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचा मोठा शिल्पकार ठरला, त्याने १८४५ मध्ये थायमसवर निबंध प्रसिद्ध केला. शरीराचे पोषण बिघडले की ही ग्रंथी चटकन आक्रसते, हे त्याने त्यात सांगितले होते. १८५८ मध्ये फ्रँकफर्टच्या अलेक्झांडर फ्रीडलेबेनने तर प्रश्नाचा निकालच लावायचा प्रयत्न केला. त्याने ग्रंथींची वजने घेतली, वय आणि पोषण यांच्याशी त्यांची सांगड घातली, प्राण्यांमधून ती काढून पाहिली, आणि थायमसचा दमा नावाचा आजार नाही, असे नि:संदिग्ध शब्दांत लिहिले. काही काळ त्याचे ऐकले गेलेही. म्हणजे योग्य उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर छापील स्वरूपात उपलब्ध होते. ते मागे का पडले, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शरीररचनेत सापडत नाही. ते डॉक्टरांच्या गरजेत सापडते.

१८८९ च्या सुमारास व्हिएन्नात आर्नोल्ड पाल्टाउफने सिद्धांताचा पाया बदलला. थायमस श्वासनलिका दाबते हे सिद्ध होत नसेल तर नसो, मोठी थायमस आणि सुजलेल्या लसीका ग्रंथी ही एका जन्मजात दुबळ्या प्रकृतीची खूण आहे, असे त्याने मांडले. अशा प्रकृतीचे मूल क्षुल्लक कारणानेही दगावू शकते. या मांडणीला ‘स्टेटस लिम्फॅटिकस’ हे नाव मिळाले आणि ती झपाट्याने पसरली, कारण ती फार सोयीची होती. त्या काळात क्लोरोफॉर्म देऊन साध्या शस्त्रक्रिया होत, आणि त्यात धडधाकट मुले टेबलावरच मरत. क्लोरोफॉर्म आधी हृदय बंद पाडते की श्वास, यावर इतका वाद पेटला होता की हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने झालेल्या या आयोगांनी हृदयाला जवळजवळ निर्दोष ठरवले आणि लक्ष श्वासाकडे ठेवा असे सांगितले. मग मृत्यू होतात ते का? शवात मोठी थायमस दिसली की उत्तर तयार असे: मुलाची प्रकृतीच तशी होती. खरे कारण गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. हलक्या गुंगीच्या अवस्थेत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाच्या जवनिका विस्कळीत थरथरू लागतात आणि मृत्यू येतो. पण तोवर कित्येक मृत्यूंच्या दाखल्यांवर थायमसचे नाव लागले होते. या निदानाने औषध सुटले, औषध देणारा सुटला, आणि आईबापांनाही निदान काही कारण मिळाले. सगळ्यांची सोय पाहणारे निदान पुराव्याने सहसा हलत नाही, आणि येथेही ते हलले नाही.

पुढचे पाऊल उपचाराचे होते. फ्रीडलेबेनच्याच फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन याने १८९६ मध्ये एका गुदमरणाऱ्या मुलाची थायमस मानेतून वर ओढून टाक्यांनी अडकवून ठेवली. याच शल्यविशारदाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भोसकलेल्या माणसाच्या हृदयाला टाके घातले आणि रुग्ण जगला. म्हणजे छातीचा मधला कप्पा शस्त्रक्रियेसाठी उघडण्याच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. पण थायमसची शस्त्रक्रिया लहान बाळांसाठी जीवघेणी होती. तेवढ्यात क्ष-किरण आले. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. या किरणांनी प्राण्यांमधल्या लसीका ऊती नष्ट होतात हे हाइनेके या जर्मन डॉक्टरांनी १९०३ मध्ये दाखवले. आणि १९०७ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या आल्फ्रेड फ्रीडलँडर यांनी क्ष-किरणांनी थायमस आक्रसवून एक मूल बरे केल्याचा वृत्तांत छापला. चिरफाड नाही, रक्त नाही, काही मिनिटांचे काम.

त्याच किरणांनी निदानही होऊ लागले, आणि येथे चूक दुप्पट झाली. तान्ह्या बाळाचा छातीचा एक्स-रे पाहिला तर हृदयाच्या वर, मध्यरेषेच्या एका किंवा दोन्ही बाजूंना एक रुंद सावली दिसते. ती कधी शिडासारखी त्रिकोणी असते, कधी तिच्या कडेला फासळ्यांच्या दाबाने नागमोडी वळणे पडलेली असतात. ही निरोगी थायमस. ती इतकी मऊ असते की तिच्यावर फासळ्यांचे ठसे उमटतात. अशी ऊती श्वासनलिका चेपणार नाही, हे त्या नागमोडी कडेवरूनच उमगायला हरकत नव्हती. शिवाय ती सावली क्षणाक्षणाला बदलते. मोठ्या माणसाला ‘श्वास घेऊन थांबा’ असे सांगता येते, तान्ह्याला नाही. बाळ रडत असेल, श्वास सोडत असेल, तर मधला कप्पा रुंद दिसतो. पूर्ण श्वास घेतलेला असेल तर तोच अरुंद दिसतो. एकाच बाळाचे दोन फोटो, एक रोगी आणि एक निरोगी. तरीही सावली मोजून उपचार ठरू लागले. काही अमेरिकन रुग्णालयांत तर कसलाही त्रास नसलेल्या नवजात बाळांचे फोटो काढले जात आणि सावली रुंद वाटली की खबरदारी म्हणून किरण दिले जात.

या टप्प्यावर सर्वात गंभीर आक्षेप येतो, आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. किरण दिलेली बाळे बरी होत होती. आवाज करत श्वास घेणारे बाळ आणले, किरण दिले, काही आठवड्यांत आवाज थांबला, फोटोत सावली आक्रसली. आणखी कोणता पुरावा हवा? हे निरीक्षण खरे होते, त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा होता. तान्ह्या बाळाच्या श्वासातल्या घरघरीचे सर्वात नेहमीचे कारण कंठाच्या वरच्या मऊ कूर्चा श्वास घेताना आत ओढल्या जाणे हे आहे. कूर्चा घट्ट होत जातात तशी घरघर आपोआप थांबते, बहुधा वर्ष-दीड-दोन वर्षांत. किरण न देता तेवढाच काळ वाट पाहिलेली बाळे शेजारी ठेवून तुलना केली असती तर हे दिसले असते. तशी तुलना झाली नाही, कारण बाळाला ‘उपचाराविना ठेवणे’ क्रूर वाटत होते. सावली आक्रसली हेही खरेच, पण त्यावरून किरणांनी लसीका ऊती मरतात एवढेच सिद्ध होते. ती ऊती घातक होती हे नव्हे.

दुसराही एक आक्षेप आहे. मधल्या कप्प्यातली गाठ खरोखरच श्वासनलिका दाबते, हे आजचा कोणताही भूलतज्ज्ञ सांगेल. लिम्फोमाची, म्हणजे लसीका ऊतीच्या कर्करोगाची, मोठी गाठ असलेल्या मुलाला उताणे झोपवून भूल दिली तर श्वासमार्ग मिटू शकतो, आणि अशा मुलांसाठी खास काळजी घेतली जाते. थायमसमध्ये खरे अर्बुदही होते. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी १९३६ मध्ये मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या रुग्णातून असे अर्बुद काढले आणि त्यातून एक उपयुक्त उपचारपद्धती उभी राहिली. तेव्हा ‘थायमस कधीच त्रास देत नाही’ असे मी म्हणत नाही. पण अर्बुद कठीण असते, वाढत राहते, शेजारच्या अवयवांना ढकलते. निरोगी थायमस जागा मिळेल तशी पसरते. हा फरक हाताला कळतो आणि सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतो. तो दिसत असूनही बाजूला ठेवला गेला, कारण आकाराचे माप हाच निकष होऊन बसला होता.

मोजपट्टी दुरुस्त करण्याचे कष्टाचे काम काही जणांनी केले, आणि त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतात. स्वीडनमधल्या उप्सालाच्या आउगुस्त हामार यांनी अपघातात अचानक मेलेल्या निरोगी माणसांच्या थायमस जमवून त्यांची मापे वर्षानुवर्षे नोंदली आणि आजारपणात ही ग्रंथी किती लवकर आक्रसते हे दाखवले. पहिल्या महायुद्धाने निर्दय पुरावा पुरवला: रणांगणावर क्षणात मेलेल्या धडधाकट तरुणांच्या छातीत थायमस पुस्तकातल्यापेक्षा मोठ्या निघाल्या, आणि जखमांनी रेंगाळून मेलेल्यांच्या लहान. मिनेसोटात एडिथ बॉइड यांनी १९२७ मध्ये बालकांची मापे पोषणाशी ताडून प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये १९२६ मध्ये एक समिती नेमली गेली. तिने देशभरातून मापे गोळा केली आणि १९३१ मध्ये यंग आणि टर्नबुल यांनी त्यांचे विश्लेषण छापले. स्टेटस लिम्फॅटिकस नावाचा आजार अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही, हा त्याचा निष्कर्ष होता.

ही सगळी गोष्ट केवळ गरिबी आणि श्रीमंतीची आहे असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. सुखवस्तू घरातले मूलही घटसर्पाने आठ दिवसांत गेले तर त्याची थायमस आक्रसलेलीच सापडते. याचे कारण १९३६ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवर दाखवले: कोणताही मोठा ताण आला की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी वाढतात आणि थायमस झपाट्याने लहान होते. आज आपण जाणतो की हे काम अधिवृक्कातले स्टेरॉइड करतात. म्हणून टेबलावरचा देह हा त्या माणसाच्या शेवटच्या आठवड्यांचाही लेखा असतो. गरिबांच्या बाबतीत या लेख्यात उपासमार आणि दीर्घ आजार यांची भर पडत होती, आणि टेबलावर गरीबच अधिक येत होते. म्हणून चूक एकाच बाजूला झुकत गेली.

१९३१ चा निष्कर्ष छापून आल्यावरही किरण थांबले नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर परिसरात १९२६ पासून १९५७ पर्यंत बाळांना हा उपचार दिला जात होता. थायमसवर सोडलेले किरण तिच्या लगत वर असलेल्या थायरॉइडवरही पडत, आणि मुलींच्या स्तनांच्या ऊतीवरही. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी थायरॉइडच्या कर्करोगाची २८ मुले तपासली, तेव्हा त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांना तान्हेपणी थायमसवर किरण दिलेले होते असे आढळले. लुई हेम्पलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग रॉचेस्टरच्या मुलांचा माग काढायला घेतला. त्यांनी तुलनेसाठी या मुलांचीच किरण न मिळालेली भावंडे घेतली. पन्नास वर्षांपूर्वी जी तुलना कोणी केली नव्हती, ती अखेर झाली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार किरण मिळालेल्या २,६५७ जणांत थायरॉइडच्या कर्करोगाचे ३७ रुग्ण होते, आणि ४,८३३ भावंडांत ५. १९८९ मध्ये याच मुलींचा स्तनाच्या कर्करोगाचा हिशेब आला होता: १,२०१ जणींत २२, आणि त्यांच्या २,४६९ बहिणींत १२.

ज्या ग्रंथीसाठी हे सारे झाले तिचे काम काय, हे १९६१ पर्यंत माहीत नव्हते. त्या वर्षी लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून टाकली. ते उंदीर संसर्गाने मरू लागले, आणि दुसऱ्या उंदराची त्वचा त्यांच्यावर लावली तर तिला नाकारू शकले नाहीत. शरीराला रोगाशी लढायला शिकवणाऱ्या, पुढे टी-पेशी म्हणून ओळखल्या गेलेल्या पेशी येथे घडतात, हे त्यातून उलगडत गेले. मोठी थायमस मृत्यूची खूण मानली गेली होती. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये अल्ट्रासाउंडने मापे घेऊन केलेल्या अभ्यासांत नेमके उलटे दिसले. ज्या बाळांची थायमस लहान, त्यांच्यातच मृत्यू अधिक. मेळघाटातल्या एखाद्या कुपोषित बाळाच्या छातीतही हीच ग्रंथी सर्वांआधी आक्रसते, आणि त्याच वेळी त्याला तिची सर्वाधिक गरज असते.

प्रौढपणी ती निरुपयोगी होते, ही समजूतही आता डळमळली आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट मोकळी करण्यासाठी ती अनेकदा सहज काढली जाते. २०२३ मध्ये बोस्टनमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रौढपणी थायमस काढलेल्यांपैकी ८.१ टक्के लोक पाच वर्षांत मरण पावले होते. तशाच हृदयशस्त्रक्रिया झालेल्या पण थायमस राखलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होते. रॉचेस्टरच्या माणसांचा माग तर त्यांच्या म्हातारपणापर्यंत काढला गेला. २०१० मध्ये पुन्हा हिशेब झाला तेव्हा किरणांना पन्नासहून अधिक वर्षे उलटली होती, आणि त्यांच्यात थायरॉइडच्या कर्करोगाचा धोका भावंडांपेक्षा अजूनही जास्त होता.